चित्रकथेतील वीर आणि काळाचा प्रवास

राजगडाच्या संजीवनी माचीवर उभे राहिले असता चोहोकडे मावळाचे डोंगर पसरलेले दिसतात. समोर तोरणा उभा असतो आणि दऱ्यांतून ढग वर चढत असतात. अशा वेळी कोणाच्याही मनात एक विचार सहज येतो : साडेतीनशे वर्षांपूर्वी येथे काय चालले असेल? दरवाजावर कोण उभे असेल? कोणत्या वाटेने घोडेस्वार वर येत असतील? काळाचे दार क्षणभर किलकिले व्हावे आणि आपण पलीकडे डोकावून पाहावे, ही इच्छा मनुष्याला फार प्राचीन काळापासून आहे. तिच्याच जोडीला दुसरीही एक इच्छा आहे. ती म्हणजे आपल्याहून बलवान, आपल्याहून धीट अशा वीराची कथा ऐकण्याची. या दोन्ही इच्छा एकाच वेळी पुरवणारा वाङ्मयाचा एक प्रकार आहे. त्याला चित्रकथा म्हणतात.

चित्रांच्या आधारे कथा सांगण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजातील कलावंत कागदावर काढलेली रामायण-महाभारतातील चित्रे एकामागून एक श्रोत्यांपुढे धरतात आणि वाद्यांच्या साथीवर कथा गातात. या कलेला ‘चित्रकथी’ म्हणतात. एका आख्यानाच्या चित्रांचा जो संच असतो, त्याला ‘पोथी’ असे नाव आहे. एक चित्र खाली ठेवून दुसरे उचलले की कथा पुढे सरकते. सावंतवाडीच्या राजांनी या कलेला आश्रय दिला होता. ही परंपरा जिवंत ठेवणारे पिंगुळीचे कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री हा सन्मान मिळाला. छापील चित्रकथा ही या कलेची धाकटी बहीणच होय. तिच्यात गाणारा नसतो. त्याचे काम वाचकाला स्वतःच करावे लागते.

छापील चित्रकथेचे पान नीट पाहिले, तर त्याची रचना ध्यानात येते. पानावर लहानमोठ्या चौकटी आखलेल्या असतात. प्रत्येक चौकटीत एकच क्षण असतो. पात्राच्या तोंडाजवळ एक फुगा काढून त्यात त्याचे बोलणे लिहितात. तोच फुगा ढगासारखा काढला आणि त्याच्या शेपटीऐवजी लहान लहान वर्तुळे काढली, म्हणजे ते बोलणे नसून मनातील विचार आहे असे समजावे. धावणाऱ्या माणसाच्या मागे काही रेषा ओढल्या की स्थिर चित्रात वेग येतो. ‘धडाम्’, ‘सूंऽऽ’ अशी जाड अक्षरे काढली की मुक्या कागदाला आवाज फुटतो.

तथापि या कलेची खरी जादू चौकटीत नसून दोन चौकटींमधील कोऱ्या जागेत आहे. एका चौकटीत वीराने मूठ उगारलेली दिसते. पुढच्या चौकटीत शत्रू जमिनीवर पडलेला दिसतो. प्रहार कोणीच काढलेला नसतो. तो वाचकाने आपल्या मनात काढलेला असतो. ही कोरी पट्टी कधी एका निमिषाची असते, तर कधी कित्येक शतकांची. वरच्या कोपऱ्यात ‘तीनशे वर्षांपूर्वी’ एवढे दोन शब्द लिहिले की बोटभर रुंदीची ती पट्टी ओलांडून वाचक दुसऱ्या युगात जातो. शिवाय संपूर्ण पान एकाच वेळी डोळ्यांपुढे असते. डावीकडे घडून गेलेले, उजवीकडे घडावयाचे, आणि मध्ये नजर. वाटले तर मागे जावे, वाटले तर पुढे जावे. म्हणजे चित्रकथेचा वाचक हा प्रथमपासूनच काळाचा प्रवासी असतो. म्हणूनच काळाच्या प्रवासाच्या कथा चित्रकथांत इतक्या शोभल्या यात नवल नाही.

महाराष्ट्रातील मुलांच्या हाती सचित्र कथांचे मोठे भांडार आले, ते ‘चांदोबा’ या मासिकामुळे. दक्षिणेत १९४७ साली तेलुगू व तमिळ भाषांत सुरू झालेल्या या मासिकाची मराठी आवृत्ती १९५२ साली निघू लागली. त्यातील एक चित्र हजारो वाचकांच्या मनात आजही कोरलेले आहे. स्मशानातील अंधारी वाट, हातात तलवार घेतलेला राजा विक्रम आणि त्याच्या खांद्यावरील प्रेत, असे ते चित्र होते. ते शंकर या चित्रकाराने काढले होते. प्रेतात वसणारा वेताळ राजाला कथा सांगतो आणि शेवटी कूटप्रश्न घालतो. उत्तर ठाऊक असून न दिल्यास मस्तक फुटेल, आणि उत्तर दिल्यास मौन मोडून वेताळ पुन्हा झाडावर जाईल! ही मूळ कथा अकराव्या शतकात सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागर’ या ग्रंथातही आहे. राजा आणि वेताळ हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी खरे. परंतु त्यांचे युद्ध तलवारीचे नसून बुद्धीचे आहे. आणि शेवटी काय होते? कपटी योग्यापासून राजाला सावध करणारा हाच वेताळ असतो. प्रतिस्पर्धी हा नेहमी शत्रूच असतो असे नाही, हा धडा या जुन्या कथेने कितीतरी मुलांना नकळत दिला.

१९६४ साली मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया या वृत्तपत्रसंस्थेने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही पुस्तकमाला सुरू केली. तिची मराठी आवृत्तीही निघत असे. तिच्यातील प्रमुख वीर अमेरिकेतून आला होता. ली फॉक या लेखकाने १९३६ साली निर्माण केलेला ‘फँटम’ मराठीत आला तो ‘वेताळ’ हे नाव धारण करून! अंगाला घट्ट बसणारा वेश, डोळ्यांवर मुखवटा आणि बोटात कवटीची अंगठी, असे त्याचे रूप होते. त्याच्याजवळ कोणतीही अद्भुत शक्ती नव्हती. त्याचे रहस्य निराळेच होते. जंगलातील लोक समजत की हा पुरुष चारशे वर्षे जिवंत आहे. वस्तुतः तो एकविसावा वेताळ होता. पिता मरण पावला की पुत्र तोच वेश आणि तेच व्रत धारण करी. कवटीच्या गुहेत पूर्वजांनी आपल्या हाताने लिहिलेल्या जाड जाड वह्या ठेवलेल्या असत. संकट आले की वर्तमानातील वेताळ जुनी वही उघडे आणि कथा एकदम शेकडो वर्षे मागे जाई. काळाचा प्रवास करण्यास त्याला यंत्र लागत नसे. पूर्वजांची लेखणी पुरत असे. याच मालेत १९७६ साली आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ हा भारतीय वीर आला. त्याचा पिता दरोडेखोर होता व तो पोलिसांकडून मारला गेला होता. ज्या अधिकाऱ्याच्या हातून तो मारला गेला, त्यानेच या मुलाला वाढवले. सूड घेण्यास निघालेला मुलगा शेवटी न्यायाच्या बाजूने उभा राहिला. १९९० साली ही माला बंद पडली.

परदेशातील चित्रकथांत असामान्य शक्तीचे वीर विपुल आहेत. त्यांचा मुकुटमणी म्हणजे ‘सुपरमॅन’. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुण मित्रांनी निर्माण केलेला हा वीर १९३८ साली प्रथम छापून आला. एवढा बलाढ्य वीर कथेत आला की लेखकापुढे एक अडचण उभी राहते. ज्याला कोणी हरवू शकत नाही, त्याच्या कथेत गोडी ती काय? म्हणून १९४० साली लेक्स ल्यूथर हा त्याचा प्रतिस्पर्धी अवतरला. ल्यूथरच्या अंगी बळ नाही. पण त्याची बुद्धी अचाट आहे. एकाजवळ शक्ती व सदाचार, दुसऱ्याजवळ ज्ञान व दुष्टावा! त्यांच्या झगड्यातून वाचकापुढे प्रश्न उभा राहतो की ज्ञान मोठे की त्याचा उपयोग मोठा? वीराची उंची त्याच्या प्रतिस्पर्ध्यावरून मोजली जाते, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते. काही वेळा प्रतिस्पर्धी दुष्ट नसतोच. १९६७ सालच्या एका कथेत सुपरमॅन आणि ‘फ्लॅश’ नावाचा वेगवान वीर यांची जगाभोवती शर्यत लागते. दोघेही सज्जन व दोघेही मित्र. कोण जिंकणार यावर गुन्हेगारांनी पैजा लावलेल्या असतात. तेव्हा त्यांचा डाव उधळण्यासाठी दोघेही वीर एकाच क्षणी शेवटची रेषा ओलांडतात!

आता काळाच्या प्रवासाकडे वळू. आपल्या पुराणांत रैवत ककुद्मी या राजाची कथा आहे. आपली कन्या रेवती हिच्यासाठी योग्य वर कोण, हे विचारण्यास तो तिच्यासह ब्रह्मदेवाकडे गेला. तेथे गायन चालले होते म्हणून तो थोडा वेळ थांबला. गायन संपल्यावर ब्रह्मदेव हसून म्हणाले, की इतक्या अवधीत पृथ्वीवर अनेक युगे लोटली आहेत. ज्यांची नावे राजाच्या मनात होती, त्यांच्यापैकी कोणीच उरले नव्हते. पुढे रेवतीचा विवाह बलरामाशी झाला. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याने १८९५ साली काळात प्रवास करणाऱ्या यंत्राची कादंबरी लिहिली, आणि तेव्हापासून हे यंत्र असंख्य कथांत दिसू लागले. १९५८ सालच्या एका चित्रकथेत तर फार गोड कल्पना आहे. बालवयातील सुपरमॅनला भेटण्यासाठी तीन तरुण हजार वर्षांनंतरच्या काळातून येतात. ते का येतात? तर त्यांच्या दृष्टीने तो इतिहासातील थोर पुरुष असतो. त्याच्या पराक्रमाच्या कथा ऐकतच ते वाढलेले असतात. गतकाळाविषयीची ओढ हीच त्यांची प्रेरणा असते.

मराठीतही अशी एक विचारप्रवर्तक कथा आहे. ज्येष्ठ शास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी लिहिलेल्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जाऊन पोहोचतात, की जेथे १७६१ सालची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली असते. विश्वासरावांना लागावयाची गोळी अगदी थोडक्यात हुकलेली असते, एवढाच काय तो फरक! पण त्या एवढ्याशा फरकाने पुढील सारा इतिहास पालटून गेलेला असतो. काळाच्या प्रवासाच्या कथा केवळ करमणुकीच्या नसतात, हे यावरून दिसून येईल. एखाद्या क्षणाचे मोल किती असते, हे त्या शिकवतात.

इतिहासपुरुष व पुराणपुरुष यांना चित्रकथेत आणण्याचे मोठे कार्य अनंत पै यांनी केले. १९६७ साली दिल्लीत एका प्रश्नमंजूषेच्या कार्यक्रमात त्यांनी पाहिले, की मुलांना ग्रीक देवतांची नावे ठाऊक आहेत; परंतु श्रीरामाच्या मातेचे नाव सांगता येत नाही. त्याच वर्षी मुंबईत ‘अमर चित्र कथा’ ही माला सुरू झाली. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या कुशल चित्रकारांनी तिला रूप दिले. या मालेतील पुस्तके अनेक भारतीय भाषांत निघाली. शिवाजी महाराज आणि तानाजी यांच्या कथाही त्या मालेत आल्या. भोरसारख्या तालुक्याच्या गावच्या वाचकाला त्या चौकटींत आपल्या ओळखीचे डोंगर दिसू लागले.

आणि येथेच एक मनोरंजक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. कवटीच्या गुहेतील वह्या कल्पनेतल्या होत्या. परंतु भोरच्या भूमीत तशी एक वही खरोखरच होती! भोरजवळील कारी हे जेधे देशमुखांचे गाव. स्वराज्याच्या प्रारंभी शिवाजी महाराजांना साथ देणारे कान्होजी जेधे याच घराण्यातले. या घराण्याच्या दप्तरात जुनी टिपणे सांभाळून ठेवलेली होती. त्यांत सतराव्या शतकातील सुमारे ऐंशी वर्षांच्या घटना तिथीवार नोंदलेल्या होत्या. ना त्यांत अलंकार, ना वर्णन. अमुक शक, अमुक मास, अमुक तिथी, आणि घडले ते एका ओळीत. हीच ‘जेधे शकावली’ होय. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली अभ्यासकांपुढे आणली. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीविषयी त्या काळी निरनिराळी मते होती. शकावलीत शके १५५१ मधील फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी दिलेली होती. पुष्कळ वर्षे विद्वानांचा वाद चालला. अखेरीस २००१ साली महाराष्ट्र शासनाने त्या तिथीशी जुळणारा १९ फेब्रुवारी १६३० हा दिनांक मान्य केला. एका घराने जपलेली काही जुनी पाने सबंध राज्याला मागच्या काळात घेऊन गेली. यापरते काळाचे यंत्र कोणते?

वीर आणि प्रतिस्पर्धी यांची कथाही या खोऱ्यांत घडलेली आहे. रोहिड खोऱ्यात जेधे, तर शेजारच्या हिरडस मावळात बांदल, अशी देशमुखांची घराणी होती. मावळातील देशमुखांत वतनासाठी व सीमांसाठी तंटे होत असत. बांदलांनी तर प्रथम शिवाजी महाराजांनाच विरोध केला होता. परंतु पुढे हेच बांदल आणि त्यांच्याकडील बाजीप्रभू देशपांडे स्वराज्याचे आधारस्तंभ झाले. जुलै १६६० मध्ये महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले असता बाजीप्रभू आणि बांदलांची सेना यांनी खिंड अडवून धरली व तेथेच देह ठेवला. परंपरा असे सांगते, की त्या पराक्रमाबद्दल दरबारातील तलवारीच्या पहिल्या पानाचा मान महाराजांनी बांदलांना द्यावयाचे ठरवले. तोवर तो मान जेध्यांचा होता. जेध्यांनी तो आनंदाने सोडला. शर्यतीची रेषा एकाच क्षणी ओलांडणारे ते दोन कल्पित वीर थोर खरे. पण स्वतःचा मान दुसऱ्याच्या हाती देणारे हे मावळे त्यांच्याहून थोर नव्हेत काय?

चित्रकथेतील वीर आणि इतिहासातील वीर यांच्यात एक मोठे अंतर आहे, ते मात्र विसरता कामा नये. चित्रकथेतील वीर पुढच्या महिन्याच्या अंकात पुन्हा ताजातवाना होऊन येतो. खिंडीत पडलेला बाजी पुन्हा उठला नाही. त्याच्या मरणाचे मोल त्यामुळेच अधिक आहे.

आज ज्यांचे केस पिकले आहेत, अशी पुष्कळ माणसे जुन्या चित्रकथांची आठवण निघाली की लहान मुलासारखी खुलतात. त्या काळी घरात पुस्तके थोडी असत. एक अंक दहा घरे फिरून येई. काही दुकानदार दिवसाच्या भाड्याने चित्रकथा देत. एस. टी.च्या प्रवासात शेजारच्या उतारूच्या हातातील अंक डोकावून वाचला जाई. म्हणून त्या पानांच्या आठवणीत केवळ वेताळ नसतो. त्या पानाबरोबर तो मित्र, तो पावसाळा आणि ती सुट्टी परत येते. जुने पान उघडणे हाही एक प्रकारचा काळाचा प्रवासच असतो. मात्र आठवणीच्या गोडीने डोळे मिटून घेणेही बरे नव्हे. परदेशातून आलेल्या काही जुन्या चित्रकथांत जंगलातील लोक भोळे, दुबळे आणि एका गोऱ्या वीरावर विसंबलेले दाखवले आहेत. शूर मुलींना त्यांत फार थोडी जागा आहे. जुने ते प्रिय असावे. पण वाचताना पारखूनही घ्यावे.

ही जुनी पाने आता झपाट्याने नाहीशी होत आहेत. त्याचे कारण त्यांच्या कागदातच आहे. चित्रकथा स्वस्त मिळावी म्हणून ती हलक्या कागदावर छापत. अशा कागदात लाकडातील ‘लिग्निन’ हे द्रव्य शिल्लक असते. ऊन आणि हवा लागली की ते बदलते. मग कागद प्रथम पिवळा, नंतर तपकिरी पडतो आणि अखेर घडीवर मोडतो. भिंगातून पाहिल्यास त्यावरील रंग निळा, किरमिजी, पिवळा व काळा अशा चारच रंगांच्या बारीक ठिपक्यांचे बनलेले दिसतात. तेही उन्हाने फिकट होतात. भोर आणि वेल्हे या भागांत पावसाळा मोठा. ओल, बुरशी, कसर आणि वाळवी हे त्या वीरांचे खरे शत्रू. ल्यूथरला जे साधले नाही, ते वाळवी एका पावसाळ्यात साधते! यावर उपाय साधे आहेत. जुना अंक कोरड्या व अंधाऱ्या जागी आडवा ठेवावा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, कारण तिचा डिंक कालांतराने कागद खातो. पाने उलटण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करावेत. आणि कागद रद्दीत घालण्यापूर्वी तो काय आहे हे एकदा तरी पाहावे.

राजगडाचा समावेश जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसास्थळांत झाला. गड जपण्यास आता जगाचे साहाय्य आहे. परंतु माळ्यावरच्या पेटीतील पिवळे पान जपण्यास कोणी बाहेरून येणार नाही. ते काम त्या घरातील माणसांचेच आहे. कारीच्या जेध्यांनी आपली टिपणे रद्दी समजून टाकून दिली असती, तर इतिहासातील एक दार कायमचे बंद झाले असते. कोणत्या पानातून पुढच्या पिढीला मागे जाण्याची वाट सापडेल, हे ते पान जपणाऱ्याला आधी कळत नाही. म्हणूनच ते जपावयाचे असते.

अभ्यास

१. चित्रकथेच्या वाचकाला ‘काळाचा प्रवासी’ का म्हटले आहे?
२. राजा विक्रम व वेताळ यांचे युद्ध कोणत्या प्रकारचे आहे? त्याचा शेवट कसा होतो?
३. कवटीच्या गुहेतील वह्या आणि जेधे शकावली यांतील साम्य व भेद सांगा.
४. ‘वीराची उंची त्याच्या प्रतिस्पर्ध्यावरून मोजली जाते.’ पाठातील उदाहरणे देऊन हे विधान स्पष्ट करा.
५. आपल्या घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसांना त्यांच्या लहानपणीच्या आवडत्या चित्रकथेविषयी विचारा व ती माहिती दहा ओळींत लिहा.